तिसरी हाक

अर्ध्या तासात येते असं सांगून गेलेली ज्ञानेश्वरी दीड तासानं परतली, तेव्हा जिथं बापाला बसवून गेली होती तिथं बाप नव्हता. दगडावर पाण्याची बाटली तेवढी होती, अर्धी प्यालेली.

कपार ऊनपाण्याची. डोंगराच्या पोटात कुठंतरी पाणी तापतं आणि भेगांतून वाफ वर येते, एवढं तिथल्या धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मेंढरांना खरूज झाली की तोंडाशी साचलेलं कोमट पाणी घागरीनं काढायचं, मेंढरं धुवायची आणि मागं न बघता वाट धरायची. आत जिथं तीन फाटे फुटतात तिथवर ज्ञानेश्वरीचा बाप, धुळाप्पा, आयुष्यात दोनदा गेला होता. त्याचा बाप तेवढाही गेला नव्हता. पण लेक एम.एस्सी.ला, दगडधोंड्यांचंच शास्त्र शिकणारी, आणि तिला मूळ झऱ्याचं तापमान हवं होतं. ते एकदा हाती लागलं की तिचा प्रबंध पुरा होणार होता. साठीला टेकलेल्या धुळाप्पाला लेकीच्या शिक्षणाचं भारी कौतुक. तिला एकटीला कशी सोडू म्हणत तो फाट्यापर्यंत सोबत आला आणि बस म्हटल्यावर बसला.

झरा सापडला तो डाव्या फाट्यात, पार टोकाला. काळ्या कातळाच्या टाक्यात पाणी तळापासून गदगदत होतं. पारा अठ्ठावन्नवर गेला, तशी ज्ञानेश्वरी आनंदानं वेडी झाली. एकदा मोजून तिचं समाधान होईना. मग काठाला मोजलं, मधे मोजलं, बाटल्या भरल्या, फोटो काढले. अभ्यासाच्या बाबतीत हाव हा शब्द वापरू नये म्हणतात, पण ती हावच होती. सोबत आलेला तिचा वर्गमित्र सोमेश दोनदा म्हणाला की आबा वाट बघत असतील. ती म्हणाली, पाचच मिनिटं.

आणि आता आबा नव्हते. सोमेशला वाटलं, कंटाळून बाहेर गेले असतील. तिनं मान हलवली. बस म्हटलं की बसणारा माणूस तो. उठला असेल तर एकाच कारणानं, लेकीला उशीर का झाला ते बघायला. तिनं बॅटरी खाली धरली. ओल्या चिखलात अनवाणी पावलं उमटली होती, आणि ती मधल्या फाट्यात शिरली होती. बिचारा फाटा चुकला होता.

चिखल दहा पावलांत संपला आणि पुढं नुसता कातळ. दोन्ही अंगांना भेगा, काही हात जाईल एवढ्या, काही माणूस गडप होईल एवढ्या. वाफ इतकी दाट की बॅटरीचा उजेड हातभर पुढं जाऊन पांढरा पडायचा. सोमेश सुट्टीत डोंगर चढणारा गडी. हरवलेल्या माणसाला शोधायची त्यांच्या मंडळाची रीत त्यानं सांगितली. दोनदा हाक मारायची, मग मिनिटभर श्वाससुद्धा न वाजवता ऐकायचं, मग पुढं सरकायचं. ज्ञानेश्वरीला ती रीत पटली. त्या वाफेत तिसऱ्या हाकेपुरता दम उरतही नव्हता.

"आबा! आबा!"

मिनिटभर पाण्याची गदगद तेवढी ऐकू यायची. जिथं हाक मारली तिथं ती खडूनं फुली करायची आणि पुढं जायची. सात फुल्या झाल्या. हवाच चव्वेचाळीस अंशांवर होती आणि अंगाचा घाम सुकायला तयार नव्हता. सातव्या फुलीपाशी सोमेश भिंतीला धरून ओकला. आता आपणही इथंच पडलो तर शोधायला कुणी उरणार नाही, असं म्हणत त्यानं तिला दंडाला धरून ओढतच बाहेर काढलं.

बाहेर तीनचं ऊन होतं. बाभळीखाली मेंढरं बसली होती आणि त्यांच्यात हरणाबाई, तिची आई, लोकर निवडत होती. शेजारचा गुंडप्पाही आपली मेंढरं घेऊन तिथंच होता. लेकीनं रडत रडत सगळं सांगितलं. हरणाबाईनं ऊर बडवला नाही. गुंडप्पाला म्हणाली, वस्तीवर पळा, पहारी घ्या, मिळतील तेवढी माणसं घ्या. सोमेश फोनला रेंज मिळते का बघायला टेकाडावर धावला. मग तिनं लेकीला विचारलं,

"हाका किती मारल्यास?"

"चौदा. सात ठिकाणी."

"म्हंजी एका जागी दोनच?"

"दोनच."

हरणाबाई हातातली लोकर टाकून उठली. "आगं, तिसऱ्या हाकंबिगर ओ देत न्हाईत. कपारीतली बया घरच्याच आवाजात बोलावती, पण दोनदाच. तिसरी हाक तिला येत न्हाय. तुझं आबा ऐकत बसल्यालं आसत्याल तोंड दाबून."

ज्ञानेश्वरीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पाच वर्षांची असताना धुळाप्पानंच तिला खांद्यावर बसवून सांगितलं होतं. पुढं शाळा आली, कॉलेज आलं, आणि असल्या गोष्टी तिनं अडगळीत टाकल्या. बापानं टाकल्या नव्हत्या. तो अजूनही त्या गोष्टींतच जगतो हे लेक विसरली होती. तिनं टॉवेल भिजवून डोक्यावर घेतला आणि आईनं थांब म्हणायच्या आत ती पुन्हा आत शिरली.

पहिल्या फुलीपाशी तिनं तीन हाका मारल्या. काही नाही. दुसऱ्या फुलीपाशी मारल्या. काही नाही. देवाधर्माचं नाव न घेणारी पोरगी सोनारीच्या भैरोबाला कोंबडं, नारळ, जे सुचेल ते बोलत पुढं सरकत होती. तिसऱ्या फुलीपाशी तिसरी हाक मारताना तिचा आवाज फाटला.

"ओ," खालून आवाज आला.

अगदी पायाखालून आला. तासापूर्वी ती इथंच उभी होती, त्याच्यापासून दोन पुरुष उंचीवर.

भेगेतून घसरत, खरचटत ती खाली पोचली. धुळाप्पा कपारीला पाठ लावून बसला होता. त्याच्याबरोबर घसरलेला एक चपटा धोंडा मांड्यांवर आडवा पडला होता, आणि ऊन पाणी कमरेला लागलं होतं. तिनं पाण्यात हात घातला आणि झटकन काढला. मग पुन्हा घातला आणि धोंडा उचलू लागली. नखं मोडली. धोंडा जागचा हलला नाही.

"दोनदा हाक मारलीस न् गेलीस," धुळाप्पा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "म्या तिसरीची वाट बघत व्हतो."

"मग तुमी तरी हाक मारायची, आबा. माझं नाव घ्यायचं."

"तुझं नाव? इथं?" त्याला जणू लेकीच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "तिला नाव कळलं आसतं, बाय. मग तिनं तुला बोलावलं आसतं."

ज्ञानेश्वरीनं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं. अठ्ठावन्न अंशांचा आकडा तिच्या खिशातल्या वहीत होता आणि त्या वहीची तिला शिसारी आली. ती धाकटी पोर झाल्यासारखी चुकलं, चुकलं म्हणत राहिली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात भट्टीतल्या विटेसारखा तापला होता आणि त्याला घाम नव्हता. अंगातलं पाणी संपलं की घाम थांबतो हे ती शिकली होती. येताना दगडावरून उचललेल्या बाटलीतलं उरलेलं पाणी तिनं त्याच्या तोंडाला लावलं. बरंचसं ओघळून गेलं.

धुळाप्पा झोप आली म्हणू लागला. झोपू द्यायचं नाही एवढं एकच तिच्या हातात होतं. ती हाक मारायची आणि तो ओ द्यायचा. दोघांत वीतभर अंतर, आणि बोलणं या डोंगरावरून त्या डोंगरावर बोलावं तसं. प्रत्येक ओ आधीच्यापेक्षा बारीक. मग नुसते ओठ हलू लागले. ते हललेले दिसावेत म्हणून ती बॅटरी त्याच्या तोंडाशी धरून बसली.

तिच्याच आवाजाच्या रोखानं गुंडप्पा चार माणसं घेऊन उतरला. दोन पहारी लावल्या तर धोंडा पाच मिनिटांत बाजूला झाला. गुंडप्पानं धुळाप्पाच्या नाकाशी हात धरला, बराच वेळ धरला, आणि डोक्याचा पटका सोडून त्याच्या अंगावर घातला.

माणसांनी धुळाप्पाला दोरानं वर घेतलं आणि त्या वाफेतून पावलं मोजत बाहेर आणलं. ज्ञानेश्वरी त्याच्या पायाशी चालत होती. ती तीन हाका मारायची आणि थांबायची. पुन्हा तीन हाका, पुन्हा थांबायची. आता ओ येणार नाही हे ठाऊक असलेली ती माणसंही दर खेपेला तिच्यासाठी थांबत होती.