खिडकीतून धरलेली जागा

जळगाव आपल्याला तळहातासारखं पाठ आहे, असं हेमराजचं मत होतं. वर्षातून चार-पाच वेळा बियाण्याला किंवा मोटारीच्या सामानाला जाणारा माणूस, पण पारोळ्याजवळच्या त्या लहानशा गावात तेवढ्यावरही वजन मिळतं. पारावर कुणी जळगावचं नाव काढलं की हा सुरू: कुठे उतरायचं, कुठली रिक्षा करायची, एसटीत जागा कशी धरायची. विचारलं नसलं तरी. गाव त्याला नाना म्हणे आणि तो ते जरा जास्तच मनावर घेई.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या मुलानं, हितेंद्रनं, हट्ट धरला की सतरा मजली बघायची. जळगावची महापालिकेची ती उंच इमारत वर्गातला एक पोरगा लिफ्टमध्ये बसून बघून आला होता आणि तेव्हापासून हितूचा पाय जमिनीला लागेना. हेमराज तयारच होता. सकाळी निघताना ओट्यावर मोहिनी बसलेली दिसली. ही त्याच्या धाकट्या भावाची, सुकदेवची मुलगी. सुकदेव सुरतला कापडाच्या कारखान्यात होता आणि त्याची बायको रत्ना पोरीला घेऊन हेमराजच्याच घरात राहत होती. मोहिनीनं 'मलाही न्या' असं काही म्हटलं नव्हतं. नवा फ्रॉक घालून, केस विंचरून ती नुसती बसली होती.

"चाल वं तू बी," हेमराज म्हणाला.

रत्ना दाराआडून म्हणाली, "तिना हात सोडू नका, नाना. गर्दीमा ती बावचळस."

"अवो, हितू अन् मोहिनी माले येगळा शेत का?" हेमराज म्हणाला. हे तो नेहमी म्हणे आणि ते खरं आहे असं त्याला मनापासून वाटे.

सतरा मजली झकास झाली. आधी रस्त्याच्या पलीकडून माना मोडेपर्यंत मजले मोजले. हितूचे दर वेळी वेगळे भरले. मग आत जाऊन लिफ्टमध्ये बसले, आणि लिफ्ट हलली तसा हितूनं बापाच्या पायजम्याला असा काही विळखा घातला की लिफ्टमधली कामावरची माणसंही हसली. वरच्या एका खिडकीतून हेमराजनं त्याला उचलून खालचं शहर दाखवलं. "हाऊ देख बाजार, हाई देख टेशन," असं सगळं सांगितलं. मोहिनी शेजारी टाचा उंच करून उभी होती. तिला काय दिसलं असेल ते असेल.

दुपार कलताना ते बसस्टँडवर आले, तर तिथे मुंगीला शिरायला वाट नव्हती. भाऊबीज करून परतणाऱ्या लेकी, त्यांची पोरं, फराळाचे डबे, पिशव्या. धुळ्याकडे जाणारी एक गाडी डोळ्यांदेखत भरून गेली. हेमराज मात्र निवांत होता, कारण जागा धरण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, असंही त्याचं मत होतं.

इतर दिवशी गाडीबरोबर पळत खिडकीतून रुमाल टाकला की भागतं. दिवाळीत रुमालाला कोण विचारतं? दिवाळीत पोर टाकायचं. खिडकीतून आत सोडलेलं पोर हातपाय पसरून पूर्ण बाकडं अडवतं, आणि मोठी माणसं मग दारातून सावकाश येतात. खानदेशात हे सगळ्यांनीच केलेलं आहे. निम्म्यांनी पोरं टाकलीत, उरलेले लहानपणी स्वतः टाकले गेलेत.

एक लाल गाडी वळण घेऊन आत आली. तिच्या अंगावर धुळे आगाराचं नाव होतं. पुढच्या काचेला पाटी अजून लागायची होती, पण पाटीची वाट बघायची ती नवख्या माणसांनी. 'धुळ्याची गाडी धुळ्यालाच जाईल, दुसरीकडे कशाला मरायला जाईल,' असा विचार करून हेमराज पळाला. पोरं मागे पळाली. त्यानं खिडकीची काच सरकवली.

"पप्पा, मी जासू! मी जासू!" हितू उड्या मारत होता.

"नही, तू नको. पत्रा लागी जाई," हेमराज म्हणाला आणि त्यानं मोहिनीला बखोटीला धरून उचललं. ती हितूपेक्षा दीड वर्षानं मोठी होती, अंगानंही भरलेली. तिला उचलताना त्याला जोर लावावा लागला, खिडकीत तिचा खांदाही अडकला. तरी त्यानं तिला आत ढकललं आणि खालून ओरडून सांगितलं, "तीननी जागा धर! कोणले बसू देऊ नको! आम्ही येतस."

तिनं मान हलवली आणि बाकड्यावर आडवी झाली.

जागा धरली गेली की माणसाला जग जिंकल्यासारखं वाटतं. दाराशी झुंबड होती. तिच्यात घुसायची आता घाई नव्हती. हितू कुल्फी मागत होता. ड्रायव्हर, कंडक्टर चहा पिणार, नोंद करणार, गाडी काय लगेच हलत नाही. हेमराजनं पलीकडच्या कोपऱ्यावरून तीन कुल्फ्या घेतल्या. लाऊडस्पीकरवरून कुणीतरी कसलीतरी गाडी सुटत असल्याचं सांगत होतं. ते त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. आपल्याला कुठे जायचंय ते आपल्याला ठाऊक असताना स्पीकर कशाला ऐकायचा?

परत येऊन बघतो तो फलाट रिकामा.

चौकशीच्या खिडकीशी तो धावत गेला तेव्हा दोन कुल्फ्या त्याच्या हातात होत्या आणि मनगटावरून ओघळत होत्या. "धुळ्यानी गाडी गयी का?"

"धुळ्याची अजून लागलीच नाही," आतले बाबू म्हणाले. "आत्ता गेली ती पहूरची. गर्दीसाठी सोडलेली जादा गाडी."

"पन तिनावर धुळे लिखेल व्हतं!"

"ते आगाराचं नाव, काका. गाडी पाटी बघून पकडायची असते. तुमचं काय राहिलं तिच्यात?"

"पोर," हेमराज म्हणाला.

बाबूंनी लगेच फोन उचलला. मुलीचं नाव विचारलं. ते हेमराजनं सांगितलं. वय विचारलं. तो अडखळला, हितूकडे बघून हिशेब करून त्यानं सांगितलं. मग बाबूंनी विचारलं, "कपडे कुठल्या रंगाचे आहेत?"

सकाळपासून ती त्याच्यासोबत होती. नवा फ्रॉक घातलाय हे त्यानं बघितलं होतं. पण रंग? त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं आणि त्याला हितूच डोळ्यांपुढे दिसला: हितूचा लाल शर्ट, खिशावरचं चित्र, सैल झालेला बूट. मोहिनी काही दिसेना.

"निळा शे," हितू खालून म्हणाला. "त्यावर चांदन्या शेत."

"मुलगी तुमचीच ना?" बाबूंनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं, विचारायलाच हवं.

"हो," हेमराज म्हणाला. मग म्हणाला, "नही. भाऊनी शे."

मागे रांगेत बोचकं डोक्यावर घेतलेली एक म्हातारी उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "सोताना पोऱ्या हातमा धरी ठेया अन् भाऊनी पोर खिडकीमाईन टाकी दिनी. वा रे भो!"

रांगेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, हेमराजला राग तरी धरता आला असता. माणसं त्याच्याकडे, मग हितूकडे बघत होती, आणि त्या पोरानं उगीचच बापाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीनं खोटं काही सांगितलं नव्हतं. पत्रा लागेल हे हितूच्या वेळी सुचलं आणि मोहिनीच्या वेळी सुचलं नाही, एवढी साधी गोष्ट होती, आणि ती सगळ्या बसस्टँडला त्याच्या आधी कळली होती.

कंडक्टरचा फोन लागला. मुलगी गाडीत होती, ठीक होती. पहूरच्या स्टँडवर उतरवून घेऊ, तुम्ही मागच्या गाडीनं या, असा निरोप आला. बाबूंनी गाडी कुठे लागेल तेही नीट सांगितलं आणि हेमराज, ज्याला जळगाव तळहातासारखं पाठ होतं, त्यानं ते दोनदा विचारून घेतलं. त्या गाडीची पाटीही त्यानं शेजारच्या माणसाकडून वाचून घेतली.

पहूरपर्यंत तो उभा होता. एका बाईनं सरकून हितूला बसायला दिलं. हेमराज दांड्याला धरून लोंबकळत बाहेरच्या कपाशीकडे बघत होता आणि मनात नको त्या गोष्टी येत होत्या. सतरा मजलीच्या खिडकीत त्यानं हितूला दोनदा उचललं होतं. मोहिनीला एकदाही नाही. घरी दुधाचा मोठा पेला कुणाचा, दप्तर नवं कुणाला आणि जुनं शिवून कुणाला, हे सगळं घरात कधी कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआपच तसं होत आलं होतं. आजवर त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता ते दिसत होतं आणि पहूर येत नव्हतं.

मोहिनी स्टँडवरच्या केबिनपुढे बाकड्यावर बसली होती. निळा फ्रॉक, चांदण्या. तिला उतरवून घेतलेला कंडक्टर अजून तिथेच होता, तो हसत म्हणाला, "घ्या तुमची पोरगी. नेरी गाव येईपर्यंत तीन सीटवर कुणाला टेकू दिलं नाही हिनं. माणसं भांडली, ही जागची हलायला तयार नाही. शेवटी मी बळंच एका म्हाताऱ्याला बसवलं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हेमराजला वाटलं, घाबरली असेल. तो खाली वाकला, तशी ती घाईघाईनं बोलायला लागली, "नाना, मी जागा धरी ठेयेल व्हती. खरंच धरेल व्हती. पन त्या मामानी आजाले बसाडी दिनं. तुम्ही रागे नका भरू."

कुणी कान उपटून हातात दिले असते तर सोसलं असतं. "रागे नही भरत," एवढंच त्याला म्हणता आलं. तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण रोजची सवय नसल्यामुळे तो हात तिच्या डोक्यावर कसाबसा टेकला आणि परत आला. खांद्याजवळ तिला खरचटलं होतं. त्याबद्दल तिनं काही सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत, एरंडोल मागे पडल्यावर, हेमराजच्या मनात नको तो विचार आला. गावात हे कळलं तर? पारावर? आणि रत्नाला? त्यानं दोन्ही पोरांना जवळ ओढलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घर काही सांगू नका. गाडी लेट व्हती, एवढंच—"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोहिनीनं मान हलवली होती. हितूनं "का बरं?" विचारलं. तिनं नाही. इतक्या सराईतपणे तिनं मान हलवली की हेमराज दचकला. या पोरीला न सांगण्याची सवय होती. आणखी काय काय आईला न सांगता हिनं पोटात ठेवलं असेल, असं त्याच्या मनात आलं आणि पुढे विचारायची त्याची छाती झाली नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. रत्ना फाट्यापर्यंत जाऊन परत आलेली दिसत होती, पायांवर धूळ होती. तिनं काही विचारायच्या आत मोहिनी म्हणाली, "गाडी लेट व्हती, आई. सारा लोके उभा व्हतात. सतरा मजली लई उच्ची शे, वरथीन बठ्ठं जयगाव दिखास."

"तुम्हले लई तरास हुयना, नाना," रत्ना म्हणाली. "दोन्हीसले सांभाळीसन लयनात. मोहिनी, नानाना पाय लाग."

मोहिनी वाकली. फ्रॉकची बाही वर सरली आणि खांद्याचं खरचटलेलं उजेडात आलं. हेमराज एकदम मागे सरकला आणि म्हणाला, "नको. माले पाय नको लागू." मग ओट्यावर उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगून टाकलं: गाडी कुठली होती, पोर कुठे गेली, आपण कुल्फी घ्यायला गेलो ते, घरी सांगू नका म्हणालो तेही. पुढे काय होईल ते होवो. सांगताना तो खाली फरशीकडे बघत होता.

रत्ना त्याच्या घरात आल्यापासून कधी त्याच्या तोंडाकडे बघून बोलली नव्हती. जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, पदर घ्यायचा, मान खाली ठेवायची, ही तिथली रीत. तिनं मान वर केली. ती रडली नाही की आवाजही चढवला नाही.

"खिडकीमाईन हिलेच का टाकी, नाना?"

हेमराजला उत्तर ठाऊक होतं. ते तोंडातून निघेना. त्याचं ते अवघडणं सगळ्यांत आधी मोहिनीला समजलं. ती पटकन पुढे आली आणि नानाची बाजू घेऊन म्हणाली, "मी बारीक शे ना, आई. हितू जाडा शे, तो मावत नही खिडकीमा."

हितू तिच्या शेजारीच उभा होता. चड्डी घसरू नये म्हणून त्यानं ती एका हातानं धरली होती आणि त्याचं डोकं तिच्या कानापर्यंतही पोचत नव्हतं. रत्नानं त्याच्याकडे बघितलं, मग हेमराजकडे बघितलं, आणि मुलीचा हात धरून ती आत गेली.