चौथी सायकल

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. वाकलेला, तडा गेलेला सुटा भाग माझ्या टेबलावर येतो आणि तो का बिघडला याचा अहवाल मी लिहितो. त्यात 'मूळ कारण' असा एक रकाना असतो. पंधरा वर्षांत त्या रकान्यात मी साहेबाची चूक एकदाही लिहिलेली नाही. 'कामगाराची हयगय' लिहिलं की सह्या पटापट होतात.

आमचा रविवारचा चौघांचा सायकल ग्रुप आहे. गाडीनं म्हैसमाळच्या डोंगरावर जायचं आणि वर सायकली चालवायच्या, अशी टूम निघाली. "रॅक मी आणतो. चारही सायकली माझ्या गाडीला," असं मी कुणी विचारायच्या आत जाहीर करून टाकलं. मिरवायची हौस, दुसरं काय!

सायकली टांगायची रॅकं ऑनलाइन मिळतात, पण ती अडकवायला गाडीच्या मागं, खालून हुक बसवावा लागतो. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतला फकिराभाऊ तो करून देईल असं कळलं. माणूस मूळचा देवगाव रंगारीचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे हुक करण्यात हयात गेलेली. गाडीखाली आडवं पडून त्यानं सगळं बघितलं. मग माझ्या मोबाइलवरची दोन रॅकं बघितली, एक दोन सायकलींचं, एक चारचं.

"दोनवालं घ्या साहेब. चारवालं लई लांब येतं मागं. जितकं लांब, तितका हुकाला झोक. खड्ड्यात आदळलं की हुकाची पट्टी वाकती. तुमची गाडी बारकी हाय."

हेच मी कारखान्यात नव्या इंजिनिअरांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. पण त्याच्या तोंडून ऐकताना मला राग आला.

"फकिराभाऊ, मी कारखान्यात तपासणीला आहे. हे माझं रोजचं काम आहे."

"व्हय साहेब. पर मी हुक दोनाच्या हिशेबानं करतो. दोनच टांगा."

मी चारवालं रॅक मागवलं.

म्हैसमाळच्या घाटात गाडी एका खड्ड्यात आदळली आणि मागून काहीतरी खरडल्याचा आवाज आला. हुक वाकून रॅक खाली आलं होतं. शेवटची, चौथी सायकल आमच्यातल्या हिमानीची, नवी कोरी. तिचं मागचं चाक पार वाकडं झालं होतं. "मंदार, हे कसं झालं?" ती म्हणाली. तिघंही माझ्याकडे बघत होते.

"वेल्डिंग सुटलं. या लोकांना कितीही सांगा, काम असंच करतात," मी म्हणालो. खाली वाकून बघितलंसुद्धा नव्हतं.

त्याच दुपारी हिमानीनं शहरातल्या सायकलवाल्यांच्या मोठ्या ग्रुपवर आम्ही निघतानाचा फोटो टाकला आणि फकिराभाऊच्या दुकानाचं नाव घालून लिहिलं, 'इथं काम देऊ नका.' कुणीतरी विचारलं, नक्की का? 'मंदारनं स्वतः तपासलंय,' तिनं कळवलं. त्याखाली मी 'हो' लिहिलं. आजही ते आठवलं की कान तापतात.

सोमवारी हुक सोडवून घेतला. फकिराभाऊ जेवायला जातो ती वेळ साधून त्याच्या दुकानापुढं ठेवून आलो. वर चिठ्ठी चिकटवली, कारखान्यात चिकटवतो तशीच: 'जोड सदोष.' मी इतका भित्रा असेन असं मला वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी ग्रुपवर एकानं लिहिलं, 'बरं झालं सांगितलंत. माझ्या गेटचं काम त्याच्याकडून काढून घेतलं.' जेवताना मी ते वाचलं. ताटावरून उठलो आणि तडक औरंगपुरा गाठला.

फकिराभाऊ स्टुलावर बसला होता. समोर माझा हुक होता, पण अखंड नव्हता. त्यानं तो प्रत्येक जोडावर कापला होता.

"या साहेब. समदे जोड कापून पाह्यले. तडा कुठंच दिसंना. माझी नजर कमी पडत आसंल. तुम्हीच दाखवा, कुठं चुकलो."

मी एकेक तुकडा उजेडात धरला. जोड भरीव होते. पोकळी नाही, भेग नाही. वाकली होती ती पट्टी, माझ्या चार सायकलींनी.

"जोड चांगले आहेत," मी म्हणालो. "चार सायकली मी टांगल्या. तुम्ही नको म्हणाला होता. चूक माझी आहे."

घरी गेलो असतो तर शब्द बदलले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिथंच उभं राहून मोबाइल काढला आणि मोठ्या ग्रुपवर हेच सगळं बोलून पाठवलं: मी तपासलं नव्हतं, मी खोटं बोललो, फकिराभाऊचं काम चोख आहे. तो मान खाली घालून ऐकत होता.

"चार व्हत्या ते मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "गेटवाल्यानं फोटू दाखवला. मोजल्या मी."

"मग हे कापत कशाला बसलात?"

त्यानं तुकडे गोळा केले.

"तुम्ही तपासणीतलं मानूस, साहेब. म्हणलं, खोटं कशाला लिवतील?"