श्वासाचं पानी

खिडकी लावली, दार लावलं, फटीत चिंध्या कोंबल्या, अन् मले आत बसवलं. मार्च महिना, दुपारची टळटळीत येळ, अन् त्या खोलीत मी, चार ओले पोते अन् ते मशीन. ते घुरघुर करून राह्यलं, मी घामानं निथळून राह्यली. बाहेरून आमचे कंडक्टर म्हनतात, "लिला, बोलत राह्य. चूप बसू नको."

"काहून?"

"बोलल्यानं श्वास जास्त सुटते. श्वासात पानी असते. मशीन ते वढून घेते."

बाप्पा! चाळीस वर्सं या मानसाच्या घरी भाकरी थापल्या, धुनं धुतलं, पोरगं वाढवलं. आता माह्याजवळ काय उरलं, तं श्वासाचं पानी. तेही यायले पायजे.

कंडक्टर म्हंजे माहे मालक, माणिकराव. वाशीम डेपोत कंडक्टर व्हते, रिटायर झाले, पन घंटीची दोरी काही हातातून सुटली नाही. घरातही 'चला, पुढं सरका' चालूच. मालेगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथं बारक्या लेकरांपासून सारे त्यायले कंडक्टरच म्हनतात.

मशीन आमच्या पोराचं. प्रसेनजित पनवेलले राह्यते. तिकडची हवाच दमट, भिंतीले बुरशी लागते, म्हून त्यानं ते घेतलं. हवेतला वलावा वढते अन् खालच्या टाकीत पानी जमा करते. मागच्या पावसाळ्यात आमची भिंत वलावली, मले खोकला धरला, तं तो मशीन घेऊनच आला. सकाळी पाह्यलं, टाकी गच्च भरलेली. पोरगा म्हने, "बाबा, हे पानी झाडाले टाका, कूलरमधी टाका. पेयाचं नाही हे. आतल्या जाळीवर धूळ बसते, जंतू असतात."

कंडक्टर कायले ऐकतात! दुपट्ट्यानं गाळलं, खळखळ उकळलं, थंड केलं अन् गिलासभर पेले. मले म्हनले, "ना नदीचं, ना इहिरीचं, ना कोनाच्या मेहरबानीचं. लिला, हे आपलं पानी."

मी हसली नाही. कारन त्यायच्या मायची गोष्ट मले ठाऊक हाये. गावात तवा एकच गोड इहीर व्हती, वरच्या आळीतल्या जगदेवच्या आज्याच्या मळ्यातली. आपल्या बायायनं, त्यायच्या मायनंही, खाली उभं राहाचं, वरतून कोनी पोहरा वतला तं पानी, नाही वतला तं रिकामी घागर घेऊन घरी. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर वस्तीनं त्या इहिरीकडं पाठ केली. आमच्या कंडक्टरनं तं जन्मभर कोनाच्या घरी घोटभर पानी मागतलं नाही. लग्नाले गेले तरी पिशवीत घरची बाटली. घरवाल्यायनं गिलास पुढं केला का म्हनत, "आता पेलो." अशा मानसाले हवेतून पानी भेटलं, तं तो चळन नाही तं काय!

साऱ्या पावसाळ्यात वस्ती मशीन पाहाले येत राह्यली. हे टाकी वढून दाखवत, जसं काही गायच दोहून दाखवून राह्यले. इथवर ठीक व्हतं. पन यंदा नळ लवकर आटला, फेब्रुवारीतच टँकर सुरू झाला. घरोघरचा नंबर लागून राह्यला तं हे साऱ्यांसमोर उभे राह्यले. "माहा नंबर काटा. ज्याच्या घरी लेकरं जास्त त्याले द्या. आमच्या घरी मशीन हाये." लोकायनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मूर्ख कुठची!

हवा कोरडी पडली अन् मशीन रुसलं. दिवसभर घुरघुर करे, गरम वाफारा सोडे, अन् टाकीच्या तळाशी घोटभर पानी. मी चोरून पोराले फोन केला. तो म्हने, "आई, कोरड्या हवेत ते चालतच नसते. बंद करून ठेव." म्हनलं, "बाबाले सांग." तं म्हने, "तूच सांग." बाप तसा लेक.

मी सांगतलं. हे म्हनले, "हवेले वलावा देऊ." मंग हापशीचं पानी आनाचं. ते लालभडक, भांडे घासाच्या कामाचं, पेयाच्या नाही. त्याच्यात पोते भिजवाचे, खोलीत टांगाचे, दार बंद कराचं. बादलीभर टाकून गिलासभर काढाचं. हाये काय अक्कल! अन् गिलासही भरत नाही म्हून मले आत कोंबलं.

एक दिवस मी चहा घेऊन गेली तं हे त्या रिकाम्या टाकीसमोर उकिडवे बसले व्हते. तोंड असं उतरलेलं, का माहं काळीज हाललं. घरात पेयाले पानी नव्हतं. टँकरवर जाता येत नव्हतं, नंबर आमीच काटला. शेजारच्या रूपाले मागतलं असतं तं सांजेपर्यंत वस्तीभर झालं असतं. पान्याचा जारवाला येते, पन भोंगा वाजवत येते, अन् दारात गाडी उभी करते. आपल्याच घरात आपन कोंडलो, अन् कुलूपही आपनच घातलेलं.

मी तेलाची रिकामी कॅन थैलीत घातली, वरून मेथीची जुडी ठेवली, अन् गेली. कुठं? जगदेवच्या मळ्यात. वस्तीबाहेर तेवढीच एक जागा व्हती.

जगदेवची बायको तुळसाबाई वसरीत बसली व्हती. मले पाहून म्हने, "काहून वं लिलाबाई, मशीन बिघडलं काय?"

"नाही. मेथी घेऊन चालली व्हती, तहान लागली."

तिनं कॅनकडं पाह्यलं, मेथीकडं पाह्यलं, हसली. "घे ना भरून, मोटर चालूच हाये." मोटर त्याच जुन्या इहिरीवर बसवलेली. मी नळीखाली कॅन लावली. बाई वाईट नाही, देवानं तिले जीभ तेवढी जास्त देल्ली. कॅन भरेपर्यंत तिनं माह्यापुढं सूप सरकवलं. "बसलीच हायेस तं एवढी तूर निवडून दे."

निवडली. तिनं जबरदस्ती केली नाही. मी नाही म्हनलं असतं तं चाललं असतं, पन कॅन भरेल व्हती अन् तोंडातून नाही निघे ना.

घरी येऊन ते पानी मी गुपचूप मशीनच्या टाकीत वतलं. कंडक्टर पारावरून आले, टाकी वढली, अन् काय सांगू! "लिला! आलं! श्वासानं आलं, मी म्हनलं नव्हतं?" साठीच्या वरचा मानूस, अन् खोलीभर नाचून राह्यला. म्या मनात म्हनलं, जाऊ दे, एक दिवसाचा आनंद हाये.

एक दिवसाचा कुठला! दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी कशी राहीन? रोज दुपारी आधी कोंडून घ्याचं, मंग हे झोपले का थैली घेऊन मळ्यात. रोज सूप तयार. कधी तूर, कधी हरबरा, एकदा तं तिच्या नातीच्या डोक्यातल्या उवाही पाह्यल्या. तुळसाबाईनं कोनाले सांगतलं नाही, हे खरं. पन मी उशिरा गेली का विचारे, "आज तहान उशिरा लागली वं?" तवा मले जमिनीत गडप व्हावं वाटे. संताप कोनावर काढाचा? मेथी रोज खाऊन खाऊन तोंडाची चव गेली, ते वेगळंच.

अन् मंग आला वीस मार्च. चवदार तळ्याचा दिवस. आमच्या वस्तीत त्या दिवशी एक चाल हाये. सांजेले बुद्धाच्या इहारात घरोघरून गिलासभर पानी आनतात, एकाच घागरीत वततात, अन् सारे त्याच घागरीतलं पेतात. पहिला गिलास वस्तीतल्या सर्वात म्हाताऱ्या मानसाले. कंडक्टरनं आठ दिवस आधीच जाहीर करून टाकलं, "यंदा कोनी पानी आनू नका. यंदाची घागर माह्या घरून."

मी घरी आल्यावर म्हनलं, "घागर? येड लागलं काय तुमाले? कुठून आनाची घागर?"

"तू आत जास्त येळ बस."

"मी भट्टीत बसली तरी माह्यातून घागर नाही निघनार!"

हे माह्याकडं न पाहता म्हनले, "होते. तू मनावर घेतलं का होते." तवा मले काही कळलं नाही.

त्या दिवशी मळ्यात मी तीन चकरा मारल्या. तुळसाबाई म्हने, "एवढं पानी कायले वं?" म्हनलं, "पावने हायेत." तिनं सुपाऐवजी पोतंच उघडलं.

सांजेले इहारात तांब्याची घागर हार घालून ठेवली. पंचशील झालं, पोरींचं गानं झालं. कंडक्टरनं माईक हातात घेतला अन् सोडेच ना. "हे पानी कोनी वरतून वतलेलं नाही. कोनाच्या दारात उभं राहून आनलेलं नाही. हे आपल्या घरच्या हवेचं पानी!" टाळ्या. मी बायांमधी खाली मान घालून बसली व्हती. तूर निवडून निवडून नखं काळे झाले व्हते, ते पदराखाली लपवले.

पहिला गिलास गोमतीमायचा. नव्वदीच्या जवळची बाई, डोळ्यांनी दिसत नाही, पन बसते ताठ. तिच्या वयाचं वस्तीत आता कोनीच नाही. तिनं एक घोट घेतला. तोंडातच धरून ठेवला. मंग गिळला.

"हे तं मळ्यातलं पानी हाये," ती म्हने.

माईक जवळच व्हता, साऱ्यांनी ऐकलं. कोनी पोरगं फिसकन हसलं. कंडक्टर म्हनले, "माय, मशीनचं हाये. हवेचं."

"नाही रे. मागून तुरट लागते. जगदेवच्या आज्याच्या इहिरीचं हाये. त्या इहिरीवर लहानाची मोठी झाली मी, मले नको शिकवू."

आता सारेच हसाले लागले. "बुढीले भूल पडली." "तोंडाले चव कुठं राह्यली आता!" अन् आमचे कंडक्टर, तेही हसले. माईकमधून म्हनले, "मायचं वय झालं, समजून घ्या." मंग स्वतः गिलास भरला, घोट घेतला, अन् साऱ्यांना सांगतलं, "शंभर टक्के मशीनचं."

गोमतीमाय गोंधळली. हातातला गिलास चाचपत म्हने, "असन बा. माहंच चुकलं असन." ते ऐकलं अन् माह्या डोक्यात आग उठली. लहानपनी जे पानी मागून पेली, त्याची चव तिनं वळखली, अन् आमी तिले येडी ठरवून राह्यलो!

मी उभी राह्यली. "मायचं काही चुकलं नाही. पानी मळ्यातलंच हाये. मी आनलं. रोज आनते."

मी कंडक्टरकडं पाह्यलं. वाटलं, आता चक्कर येऊन पडतात. पन त्या तोंडावर अचंबा नव्हता, जरासाही नव्हता. ज्या मानसानं हवेचं बेचव पानी पावसाळाभर पेलं, तो पंधरा दिवसांपासून हे तुरट पानी पेत व्हता. त्याले चव कळली नसन काय?

"तुमाले ठाऊक व्हतं," मी म्हनलं.

हे माईकची वायर गुंडाळाले लागले.

गोमतीमायनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "लिला, तुले कसं देल्लं वं पानी? वरतून वतलं?"

"नाही माय. नळीनं भरलं."

"फुकट?"

"तूर निवडून देल्ली."

तिनं हातातला गिलास खाली ठेवला. "आमी शेन काढून देत व्हतो," म्हने. मंग कंडक्टरले, अगदी हळू, पन माईक चालूच व्हता: "माणिक, तुह्या मायनं त्या पान्यापायी शेन काढलं. तुह्या बायकोनं तूर निवडली. मंग तुह्यं पानी कोनतं रे बाबू?"

कोनी हसलं नाही. रूपा उठली, घरी गेली, टँकरचं गिलासभर पानी घेऊन आली. तिच्यामागं दुसरी गेली. त्यायनं घागर झाडाले रिती केली, अन् घरोघरच्या गिलासांनी पुन्हा भरली. आमच्या घरचा गिलास त्याच्यात नव्हता.

घरी येऊन मी आधी त्या खोलीतल्या चिंध्या वढून काढल्या, खिडकी उघडली, दार उघडलं, पोते बाहेर फेकले. हे वसरीत बसून व्हते. मी एक शब्द बोलली नाही. श्वास माहा हाये, कोनावर खर्च कराचा ते मी पाहीन.

सकाळी टँकरचा भोंगा वाजला. मी खिडकीतून पाह्यलं तं कंडक्टर हंडा घेऊन निघालेले. नंबर कटलेला, म्हून साऱ्यांच्या मागं जाऊन उभे राह्यले. पुढचे म्हनत, "या ना पुढं," पन हे जागचे हालले नाही. जन्मभर लोकायले 'पुढं सरका' म्हननारा मानूस, उन्हात मागंच उभा.

अर्धा हंडा भेटला. घरी आनला, गिलास भरला, माह्यापुढं धरला.

तहान तं मले लागलीच व्हती. पन मी म्हनलं, "ठेवा तिथं. अन् आधी गोमतीमायच्या घरी जाऊन या."