पडद्याच्या तळाची केशरी पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. जखमेवर बांधतात ती नव्हे हं, मित्रांनो! काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे दाखवणाऱ्या एका एडिटरच्या, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमच्या, तळाशी मी राहते. कोणती फाईल उघडी आहे, तुम्ही लिहिताय की वाचताय, काही बदलले आहे का, एवढे सांगणे हे माझे काम.

माझ्या मालकिणीने बाळाला मांडीवर घेऊन, एका हाताने मला बसवले. प्लगइन, म्हणजे एडिटरला जोडायचा माझा छोटा प्रोग्रॅम, उतरवून घेतला, सेटिंगमध्ये माझे नाव लिहिले, आणि मी गायब! एकच खिडकी उघडी असली की तो एडिटर पट्टी दाखवतच नाही. ‘कायम दाखव’ अशी ओळ लिहिल्यावर मी आले, पण अंगभर चौकोन घेऊन. माझ्या अंगावर बाण असतात, आणि ते दाखवणारा फॉन्टच तिच्याकडे नव्हता.

सासूबाई हसल्या. “अगं, एवढ्याशा रेघेसाठी सकाळपासून जीव काढतेस?”

“अहो आई, झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. लक्ष ठेवायला कुणी नको?”

“मग मी काय शोभेला आहे?”

“तुम्ही बाळाला बघा. ही पट्टी मला बघेल.”

फॉन्ट आला, मी सजले. बदल झाला की केशरी व्हायचे, हेही तिनेच शिकवले. पुढे कित्येक महिने तिचे माझ्याकडे लक्षही गेले नाही.

ती दवाखान्यातल्या औषधांच्या बाटल्यांवरची लेबले छापणारा प्रोग्रॅम सांभाळते. एका दुपारी लहान मुलांच्या तापाच्या औषधाची मात्रा ती नुसती वाचून पाहत होती: २.५ मिली. तेवढ्यात मांडीवरच्या बाळाने कीबोर्डवर थाप मारली. वाचताना या एडिटरला प्रत्येक कळ म्हणजे हुकूम! कर्सर टिंबावर होता आणि थाप पडली नेमकी खोडायच्या कळीवर; टिंब खोडले गेले. अडीचचे पंचवीस झाले.

बाळ रडू लागले. तिच्या बोटांनी सवयीने ‘जतन करून बाहेर’ हा हुकूम लिहिला. फक्त एंटर उरला होता. मला ओरडता येत नाही. मी केशरी होऊन थांबले.

तिचे बोट हवेतच राहिले. “मी तर काहीच लिहिलं नाही!”

तिने बदल मागे घेतला. टिंब परतले. बाळाला छातीशी धरून ती कितीतरी वेळ तो आकडा वाचत राहिली.

मित्रांनो, मी तिची ऋणी आहे. दमलेल्या डोळ्यांनीही तिने मला पाहिले, म्हणून तर माझा रंग कामी आला. तुमच्याही पडद्याच्या तळाशी माझी एखादी बहीण असेल. एंटर दाबण्याआधी तिच्याकडे एकदा बघत जा.