बुटांचा दुसरा जोड

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काही उगीच नाही. पण आमच्या यांच्याबाबतीत लोकांना काही वाढवून सांगावं लागत नव्हतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात यांचा वजनकाटा सव्वीस वर्षं चालला आणि त्यावर एकाही ट्रकचं वजन खोटं निघालं नाही. मला मात्र यांचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी होतं. एवढा व्याप सांभाळून हा माणूस रोज संध्याकाळी साडेसातला बोनकोड्याच्या आमच्या घराची बेल वाजवायचा, ऋताचा अभ्यास घ्यायचा, पार्थबरोबर कॅरम खेळायचा आणि माझ्या हातची आमटी दोनदा मागून घ्यायचा. फक्त घरात पाहुणे असले की यांना यायला जमत नसे. काट्यावर अडकलोय, असा फोन यायचा. स्वभावच बुजरा, असं मी सगळ्यांना सांगायचे.

ते गेले ते दुपारी तीनला, काट्यावरच, खुर्चीत बसल्या बसल्या. दवाखान्यात माझ्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात घड्याळ होतं आणि बूट होते, गंजाच्या धुळीनं लाल झालेले, टाचा पार झिजलेले. हे यांचे नव्हेत, असं मी म्हटलं. लोखंड बाजारातून येऊनही यांच्या बुटांवर मी कधी धुळीचा कण पाहिला नव्हता.

“आई, बाबांचेच आहेत. तू बस जरा,” पार्थ म्हणाला.

घरी परतलो तेव्हा यांचा काळा, स्वच्छ जोड दाराबाहेरच्या स्टँडवर जागच्या जागी होता. दोन जोड असतील, असं तेव्हा मीच मनाला समजावलं.

तेराव्याला काट्यावरचा भैरू आला. साताऱ्याकडचा, यांच्याकडे पहिल्या दिवसापासून असलेला. जेवण झाल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला.

“शेठ खुर्चीवरनं नऊच्या आत कवा उठलेच न्हाईत, वैनी. झोपायचे बी वरच्या खोलीत.”

“रोज साडेसातला घरी असायचे ते, भैरू.”

“म्या म्हनायचो, घरी जावा. तर हसायचे. म्हनायचे, घरी मी हायेच की.”

मी त्याला एकच तारीख विचारली, बारा फेब्रुवारी, ऋताचा वाढदिवस. संध्याकाळी त्यानं त्या दिवसाच्या वजनपावतीचा फोटो पाठवला. वेळ छापलेली होती, सात चौतीस, आणि खाली यांची सही, शेवटच्या अक्षराखाली ओढलेल्या त्या आडव्या रेघेसकट. मग मी माझ्या फोनमधला फोटो काढला. तीच तारीख, सात चौतीस, आणि हे ऋताला केक भरवताहेत.

मला भीती वाटली नाही. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. सव्वीस वर्षं एका माणसाबरोबर संसार केला म्हणायचं, आणि तेरा दिवस आपण रडलो ते नक्की कोणासाठी, हेच कळू नये? पार्थनं ज्याला अग्नी दिला, त्याच्या पायात ते लाल बूट होते. त्याला भैरू ओळखत होता. मी त्याला कधी जेवायलाही वाढलं नव्हतं.

पार्थचं आधीच ठरलं होतं. फ्लॅट बंद करायचा, मला पुण्याला न्यायचं आणि उन्हाळ्यात जागा विकून टाकायची. मीही हो म्हटलं होतं. काल ऋता हॉस्टेलवर गेली, उरलेले पाहुणेही पांगले, आणि आज पहाटे मी दूध घ्यायला दार उघडलं, तेव्हा नजर बुटांच्या स्टँडवर गेली. पार्थ अजून झोपला होता. त्याला मी काही बोलले नाही.

चार वाजता त्यानं माझी बॅग उचलली, तेव्हा ती मी त्याच्या हातातून काढून घेतली.

“मी नाही येत. तू नीघ आता, मग एक्स्प्रेसवेला गर्दी होते.”

“एकटी काय करणार आहेस इथं?”

“घर आहे माझं.”

तो बराच वेळ वाद घालत राहिला. निघायला सहा वाजले. बूट घालायला तो स्टँडपाशी वाकला आणि तसाच थांबला.

“आई, बाबांचा काळा जोड कोणाला दिलास?”

“कोणाला नाही.”

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज येईपर्यंत मी दारात उभी राहिले. मग हॉलमधल्या फोटोचा हार काढला, फोटो कपाटात ठेवला आणि दोघांपुरती आमटी टाकली.