कोठाराच्या भिंतीत ठोकलेली फिडल

मित्रांनो, मी फिडल. व्हायोलिनची डोंगरात वाढलेली बहीण म्हणा. माझी मान तडकली आहे, पोट किड्यांनी पोखरलं आहे. माझं गाऱ्हाणं ऐकायला आता तुम्हीच उरलात.

नॉर्वेच्या एका खोऱ्यात म्हाताऱ्या गुनलाइकने मला घडवलं आणि मरताना थोरल्या मुलाच्या, स्वेनुंगच्या हाती दिलं. धाकटा तार्याय माझ्यावर जीव टाकायचा, पण थोरला त्याला मला शिवूही देत नसे. एका लग्नात तार्यायने मला गुपचूप उचलून वाजवलं. लोकांनी वाहवा केली. झालं! स्वेनुंगचं डोकं भडकलं आणि भर लग्नघरात त्याने भावाच्या मुस्काटात ठेवून दिली. तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं.

पुढे खोऱ्यात एक फिरता उपदेशक आला. आपल्यातला जुना माणूस ख्रिस्ताबरोबर मरू द्या, म्हणजे नवा जगेल, असं तो सांगायचा. स्वेनुंग ऐकून ढसाढसा रडला. ढोंग नव्हतं हो ते. पण आमच्याकडे तेव्हा कुणाचं मन पालटलं, की पहिली आग फिडलला लागायची. दारू, नाच, मारामाऱ्या, सगळ्याचं खापर आमच्याच माथी! शेजारच्या अंगणात माझ्या तीन मैत्रिणी जळाल्या. बापाच्या हातची म्हणून मला जाळायला स्वेनुंगचा हात धजेना. त्याने मला कोठाराच्या भिंतीत घातलं आणि वर फळ्या ठोकल्या.

"जुना स्वेनुंग मेला," तो म्हणाला.

त्याची बायको आसलाउग तिथेच पीठ काढत होती. "मग तार्यायभावजींना भेटून या," ती म्हणाली.

"आधी त्याने यावं. चोरी त्याची."

"म्हणजे मेली ती फिडल. तुम्ही ठणठणीत आहात."

एकोणीस वर्षं मी अंधारात कुजले. घरातून भजनं ऐकू यायची, त्यात स्वेनुंगचा आवाज सगळ्यांच्या वर. एकदा तार्याय अंगणात आला. त्याचा खोकला मी भिंतीतूनही ओळखला. बराच वेळ तो उभा होता. त्याने माफीचा शब्द काढला नाही म्हणून स्वेनुंग बायबल धरून आतच बसून राहिला.

मग एका सकाळी चर्चची घंटा वाजली, गावात कुणी गेलं की वाजते तशी. थोड्या वेळाने फळ्या कडाकडा उखडल्या गेल्या. स्वेनुंगने मला छातीशी धरलं. तो पुरता म्हातारा झाला होता.

"मरायला हवा होतो मी," तो म्हणाला, "आणि मारलं तुला."

तो मला घेऊन तार्यायच्या घरी गेला. भावाच्या बायकोपुढे गुडघे टेकून म्हणाला, "चूक माझी होती."

"काल संध्याकाळपर्यंत ते दाराकडे बघत होते, भावजी," ती एवढंच म्हणाली.

स्वेनुंगने मला शवपेटीत, तार्यायच्या थंड हाताखाली ठेवलं. जन्मात पहिल्यांदाच त्याने भावाला मला हात लावू दिला.

मित्रांनो, मला जपायला हवं होतं, असं आता कशाला म्हणू? लाकूड पुन्हा उठत नाही. तुम्ही मात्र स्वतःतलं मारायचं सोडून दुसऱ्या कशावर खिळे ठोकू नका, आणि ज्याच्याकडे जायचं आहे त्याच्याकडे आजच जा. स्वेनुंग माझ्यावर वाकून रडत होता. त्यातून नवा माणूस उठला की नाही, मला कळलं नाही. तेवढ्यात झाकण बसलं.