सोइलानं मागे घेतलेला शोधनिबंध

डोंगरातल्या ओढ्यावरचा करडा बेडूक नामशेष झाला, असं सोइला आणि तिचा नवरा एफ्रेन यांच्या नावे दोन वर्षांपूर्वी छापून आलं होतं. आणि परवा त्याच ओढ्याकाठी तिनं त्या बेडकाची हाक स्वतःच्या कानांनी ऐकली, फोनमध्ये टिपूनही घेतली. चूक कुणाची होत नाही? निबंध मागे घ्यायचा, झालं. पण एफ्रेनचा तो एकुलता एक निबंध. त्यासाठीच्या पाहणीतच ओढ्याच्या पाण्यानं त्याला नेलं, म्हणून छापताना त्याच्या नावापुढे रीतीप्रमाणे मृताचा बारीक क्रूस घातलेला. नवऱ्याची उरलीसुरली खूणही आपल्याच हातानं पुसायची, या विचारानं तिला भडभडून आलं.

"अगं, चार ओळींची दुरुस्ती छापू," नियतकालिकाची संपादक असलेली दालीला म्हणाली. "सगळाच कशाला मागे घेतेस?"

"खोटं ते खोटं. एफ्रेननं मला कच्चं खाल्लं असतं."

निबंधातलं प्रत्येक विधान, प्रत्येक खूण मागे घेत असल्याचं तिनं दोघांच्या वतीनं सही करून दिलं.

त्या आठवड्यात क्वेंकाच्या बाजारात मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेल्या गरम उमिता घेताना नेहमीच्या बाईनं एकीऐवजी दोन बांधल्या. "साहेबांना आवडतात ना!" ही कसली थट्टा, म्हणून संतापलेल्या सोइलानं नणंदेला फोन लावून एफ्रेनच्या अंत्यविधीची आठवण काढली, तर तीच उसळली.

"कसला अंत्यविधी, वहिनी? जिभेला काही हाड? सकाळीच तर दादाशी बोलले मी!"

सोइला धावतच घरी आली. एफ्रेन जेवणाच्या टेबलाशी बसला होता, थोडा फिकट, पण तोच. तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो नुसता आनंद, पोटात न मावणारा. रडत रडत तिनं त्याच्यापुढे उमिता सोलून ठेवली. तो खाऊ लागला.

तेवढ्यात दालीलाचा फोन आला.

"सोइला, तू धाडलेल्या आवाजात बेडूक नाहीच गं. तिघांनी ऐकलं. नुसतं पाणी आहे, आणि जवळच कुणीतरी श्वास घेतंय. तुमचा निबंध खराच होता. पुन्हा उभा करू ना, जसाच्या तसा?"

एफ्रेनचं चावणं थांबलं. त्यानं वर पाहिलं नाही.

आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे न केलेल्या सोइलानं फोन कानाशी घट्ट धरला.

"नको," ती म्हणाली. "बेडूक आहे तिथं. मी डोळ्यांनी पाहिलाय."

एफ्रेन पुन्हा सावकाश चावू लागला.